ठेवायला दिलेला विस्तव

बटाटे काढून झाले, की मार्चाच्या अखेरीला येनी यायची. लाँचमधून उतरून ती चिखल तुडवत वर येऊ लागली की बुटांचा फचफच आवाज आधी पोचायचा. एदेल्मिरा, जिला सगळे मानाने दोन्या म्हणत, किटली लोखंडी चुलीवर पुढे ओढायची आणि कोणी ऐकायला असो-नसो म्हणायची, "आली नाक खुपसायला."

येनीची नोकरीच नाक खुपसण्याची होती. कास्त्रो शहरातल्या एका कचेरीने बेटांवरची काही घरं निवडली होती. दरवर्षी त्याच घरांत जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. कोणी काय कमावलं, मेंढ्या किती विकल्या, समुद्रशेवाळ किती वाळवलं, बाहेरगावी गेलेल्यांनी काही पाठवलं का. घरं तीच राहिली तरच कळतं म्हणे, माणसं वर चालली आहेत की खाली.

"आम्ही वरही जात नाही आणि खालीही नाही," एदेल्मिराने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. "ते पाणी करतं. आम्ही इथेच असतो."

येनी तेव्हा विशीतली होती. ती हसली आणि पहिला प्रश्न विचारला. तो कधी बदलला नाही.

"या चुलीवर कोण कोण जेवतं?"

कचेरीच्या लेखी घर म्हणजे भिंती नव्हत्या, छप्परही नव्हतं. एका चुलीवर जेवतील ते एक घर. कचेरीचं एवढं एकच बोलणं एदेल्मिराला पटलं होतं.

तेव्हा बेटाच्या केलुई नावाच्या टोकावर नऊ धुराडी होती. सकाळी दार उघडलं की ती आधी धूर बघायची, मग आभाळ. क्लोदोमिरोचा धूर काळा, कारण तो आळशी माणूस ओली लाकडं जाळायचा. ओतिलियाचा बारीक आणि निळसर. ती विधवा बाई दोन काटक्यांत दिवस काढायची. कोणाचा धूर निघायला उशीर झाला तर एदेल्मिरा जाऊन दारावर थाप मारायची. "मेलात की झोपलात? काय ते एकदा सांगा, म्हणजे मला माझी कामं उरकता येतील."

येनी तेव्हा आठवडाभर मुक्कामाला असायची. दिवसभर घरोघर हिंडायची आणि अंधार पडायच्या आत एदेल्मिराच्या बाकावर येऊन पाय शेकायची. एदेल्मिराचा नवरा अर्तेमियो तिला सफरचंदाची दारू, चीचा, ओतून द्यायचा आणि गंभीर तोंडाने सांगायचा की यंदा त्याला वाळूत सोन्याचा हंडा सापडला, तेवढं लिहून घे. ती पेन्सिल उचलायची आणि सगळे हसायचे. त्यांची लहानगी लेक नोएमी टेबलाखाली बसून मिल्काओचे तुकडे खायची. बटाट्याच्या त्या जाड भाकरीला डुकराच्या चरबीचा वास असायचा आणि तो वास येनीच्या कोटाला कास्त्रोपर्यंत सोबत करायचा.

मग एकेक जण गेला.

क्लोदोमिरोने मोठी होडी घेतली, समुद्रात मासे पाळायच्या पिंजऱ्यांना खाद्य पोचवायचं काम धरलं आणि पाहता पाहता गब्बर झाला. तो पलीकडच्या मोठ्या बेटावर गेला तो घरासकट. त्या बेटांवर घर मागे टाकून जात नाहीत. लाकडी घर त्याच्या खुंटांवरून उचलतात, खाली ओंडक्यांची घसरण घालतात, बैलांच्या जोड्या लावून किनाऱ्यापर्यंत ओढतात आणि भरतीच्या पाण्यावर तरंगवत होडीमागे नेतात. सगळं टोक ओढायला आलं होतं. एदेल्मिराने दोराला हात घातला होता आणि तोंडही चालवलं होतं. "ओढा, ओढा. याच्या बायकोने एवढी वर्षं घर झाडलं असतं तर निम्मं हलकं झालं असतं."

घर तरंगत असताना त्यात विस्तव असू नये, ही टोकावरची रीत. म्हणून घरची बाई आपल्या चुलीतले निखारे लोखंडी भांड्यात भरून शेजारणीकडे द्यायची. ठेव, तिकडे चूल मांडली की न्यायला येते. क्लोदोमिरोच्या बायकोने दिले. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराने दिले. मग तिसऱ्याने. एदेल्मिरा ते आपल्या चुलीत ओतायची आणि झाकण लावायची.

न्यायला कोणी आलं नाही. तिकडे गॅसच्या शेगड्या होत्या.

ओतिलियाचं घर ओढण्याजोगं राहिलंच नव्हतं. ती एका पिशवीनिशी अर्जेंटिनात भाचीकडे गेली. जाताना तिनेही निखारे आणून दिले, इवलेसे, वाटीभर. म्हणाली, "माझे वेगळे ठेव गं, नाहीतर मिसळतील."

"मिसळले तर काय? त्यांचं बारसं करायचंय का तुला?" एदेल्मिरा म्हणाली आणि चुलीत ओतले. दुसऱ्याने ठेवायला दिलेलं विझू द्यायचं नाही, हे मात्र तिने पाळलं. अर्तेमियो वारला त्या दिवशीही चूल विझली नव्हती.

*

टोकावर एकच धुराडं उरलं त्या वर्षी येनी सकाळच्या लाँचने आली आणि दुपारच्या लाँचने निघणार होती. केसांत पांढरं दिसू लागलं होतं. कागद-पेन्सिल जाऊन तिच्या हातात पाटीसारखं काचेचं यंत्र आलं होतं. तिने ते टेबलावर पालथं ठेवलं आणि माते नावाच्या कडू पानांच्या काढ्याचा पेला दोन्ही हातांत धरून बसली.

"मला इथं आठवडा पुरायचा नाही, दोन्या."

"आता तासही पुरून उरतो. घे, मिल्काओ घे. वाळलीस."

"तिकडे गेले त्यांच्या दारात मी जाते. क्लोदोमिरो म्हणतो, वेळ नाही. खरं म्हणजे त्याला किती मिळतं ते सांगायचं नाहीये. ओतिलियाला तर मी शोधूच शकले नाही."

"ओतिलिया मेली," एदेल्मिरा म्हणाली. "दोन हिवाळे झाले. भाचीने कळवलं."

येनीने पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "ज्यांचं भलं झालं ते गेले, ज्यांचं वाटोळं झालं तेही गेले. मधले तेवढे राहिले. आता मधल्यांतल्या तुम्ही एकट्या. कचेरीत बघितलं तर केलुईच्या टोकावर कोणी श्रीमंत झालं नाही आणि कोणी उपाशीही राहिलं नाही. सगळं कसं शांत. सगळे तुमच्यासारखे."

"सगळे माझ्यासारखे असते तर टोक झाडलेलं तरी राहिलं असतं."

"चेष्टा नाही, दोन्या. गेलेल्यांची जागा रिकामी ठेवता येत नाही. त्यांच्या जागी तुम्हालाच धरतात. तुम्ही बटाटे किती पिकवले ते विचारायचं आणि समजायचं की ते इथे राहिले असते तर त्यांनीही तेवढेच पिकवले असते. तुमच्या या एका घरात ती सगळी घरं."

एदेल्मिराने चुलीवरचं झाकण आकड्याने सरकवलं आणि आत लाकूड टाकलं. तिला ते ऐकून बरंच वाटलं होतं, पण तसं दाखवायची तिची रीत नव्हती.

"मग कचेरीला सांग, बाकं पाठवा. एवढी माणसं बसवू कुठे?"

*

त्या हिवाळ्यात दार घासू लागलं.

आधी तिला वाटलं, लाकूड फुगलं. पाऊस तसाच होता, आडवा आणि खारट. तिने दाराची खालची कड रंध्याने उतरवली. महिन्याभरात ते पुन्हा घासू लागलं. तेव्हा ती वाकून, गुडघ्यांना शिव्या घालत, घराखाली बघून आली. घर ज्या खुंटांवर उभं होतं ते खुंट जमिनीत गेले होते. थोडे, पण चारही बाजूंनी सारखे. एका कोपऱ्याखाली पाणी शिरलं असतं तर घर कललं असतं. हे कललं नव्हतं. नुसतं खाली बसलं होतं.

नंतर बटाटे. ती सहा उकडायची. चार स्वतःला, दोन कोंबड्यांना. एके दिवशी ती लाकडं आणायला बाहेर गेली, परत आली तर भांड्यात पाणी होतं आणि बटाटे नव्हते. मांजर तिने पाळलं नव्हतं, आणि मांजर झाकण परत ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी तिने जास्त उकडले. तेही संपले. तिने मग हिशेबच सोडला आणि मोठं पातेलं काढलं, जे अर्तेमियोच्या मयतानंतर माळ्यावर ठेवलं होतं.

ती घाबरली नाही असं नव्हे, पण घाबरण्याची तिची पद्धत वेगळी होती. ती रागवायची. "जेवायचं तर पाय पुसून या," ती रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणायची. "आणि निदान एक लाकूड आणा येताना."

आता घरात वास यायचे. ओल्या लाकडाचा कडवट धूर, तिच्या चुलीत वाळकं लाकूड असताना. करपवलेल्या साखरेचा वास, जो ओतिलियाच्या माते-काढ्याला यायचा. चुलीजवळच्या बाकावर हात ठेवला तर तो उबदार लागायचा. चुलीच्या बाजूला नव्हे, भिंतीच्या बाजूला. तिथं चुलीची धग पोचत नव्हती.

जुलैत, ऐन हिवाळ्यात, तिला बाकाखाली विणकाम सापडलं. करडा लोकरी मोजा, चार सुयांवर अर्धा. टाच पिळवटून विणलेली होती. तशी टाच सगळ्या बेटांवर एकच बाई, ओतिलिया, विणायची आणि तिच्या या टाचेवरून एदेल्मिराने जन्मभर तिची थट्टा केली होती. तिने मोजा जिथे होता तिथे ठेवला. ऑगस्टात तो पुरा झाला होता आणि दुसरा सुरू झाला होता.

त्या दिवशी एदेल्मिराने दोन पेले भरले. एक बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला ठेवला. आपला पेला पीत, पावसाचा आवाज ऐकत, ती बराच वेळ बसून राहिली. कितीतरी दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. भरलेलं टोक आठवत होतं. बायका शेवाळाच्या ओल्या दोरखंडांसारखे भिजलेले झगे पिळत उभ्या आहेत, पुरुष जाळी टाकून परत येत आहेत, कोणीतरी ॲकॉर्डियनचा भाता ओढून बघतंय.

दुसरा पेला रिकामा झाला होता, हे तिने ताट-पेले विसळताना पाहिलं.

*

नोएमीचं लग्न होऊन ती पलीकडच्या बेटावर राहत होती. तिच्या घराशेजारी तिने जागा तयार ठेवली होती. खुंट पुरून, वाट आखून. दर रविवारी ती होडी घेऊन यायची आणि तेच बोलायची.

"आई, अजून एक हिवाळा तुला इथे काढू देणार नाही मी. गुडघे बघ तुझे."

"तुझ्या घरात येऊन कोपऱ्यात बसणार नाही. सांगितलंय."

"कोपरा कोण म्हणतंय? तुझं घर ने. तुझं दार, तुझी चूल. माझ्या कुंपणाला कुंपण."

एदेल्मिराला तेच हवं होतं आणि तेवढंच हवं होतं. अर्तेमियोने आपल्या हाताने लाकडी कौलं तासून बांधलेलं घर, त्याचं दार आपल्या हाताने उघडायचं, आणि दारातून लेक दिसावी. उसन्या छपराखाली पाहुणी म्हणून मरायचं नाही. मार्चातल्या मोठ्या भरतीला घर न्यायचं ठरलं. त्याच भरतीला पाणी खालच्या खडकांच्या वर येतं. ती चुकली तर वर्ष गेलं, आणि पुढचं वर्ष तिला मिळेल असं तिच्या गुडघ्यांना वाटत नव्हतं.

येनी दोन दिवस आधी आली. घर जायच्या आत उत्तरं हवी होती.

"या चुलीवर कोण कोण जेवतं?"

"मी," एदेल्मिरा म्हणाली.

"वर्षभरात जनावर विकलं?"

"तांबडा बैल. आचाओच्या बाजारात. पाय मोडका होता म्हणून कमी आले."

येनीने लिहून घेतलं. पुढचा प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मिळालं, मग तिचं बोट काचेवर थांबलं. "दोन्या, तुमच्याकडे बैल कधी होता?"

एदेल्मिरा चुलीकडे बघत होती. तांबडा बैल क्लोदोमिरोचा. जायच्या आधी त्याने सगळी जनावरं कापून मेजवानी दिली होती, त्यात तोही गेला होता. त्याचा पाय मोडका नव्हता. वयामुळे मोडला असता. अजून इथे असता तर.

"कधीच नव्हता," ती म्हणाली.

"मग पुसू?"

"पूस."

येनीने पुसलं. निघताना तिने सवयीने दार ओढलं आणि ते खाली अडकलं म्हणून खांद्याने उचलून उघडलं.

*

ओढायला सगळे आले. यायलाच हवं होतं. ज्याचं घर तू ओढलंस तो तुझं ओढायला येतो, यात पैसा चालत नाही आणि सबब तर नाहीच. क्लोदोमिरो पोट सावरत होडीतून उतरला. त्याच्या पुढच्या दाताला सोनं होतं. तो नोएमीचा धर्मपिता, म्हणून एदेल्मिराला कोमाद्रे म्हणायचा.

"कोमाद्रे, घर नेणार की नुसतं जेवायला बोलावलंय?"

"आधी ओढ. मग जेव. दोन्ही जमतं का बघू तुला."

सामान बाहेर काढलं. चूल काढली, खिडक्यांच्या काचा काढल्या, आत आडव्या फळ्या ठोकल्या. किनाऱ्यावर मेंढी शिजत होती. आणि तेव्हा एदेल्मिरा निखाऱ्यांचं भांडं हातात धरून अंगणात उभी राहिली. देणार कोणाला? शेजार उरला नव्हता. ओढणारे सगळे परगावचे, भरतीबरोबर जाणारे.

"विझव आता ते," नोएमी म्हणाली. "तिकडे काडी ओढून पेटवू."

"माझे असते तर विझवले असते."

तिने भांडं आत नेलं आणि रिकाम्या स्वयंपाकघरात, चूल होती त्या जागी, वाळूच्या पेटीत ठेवलं. म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. विस्तवासकट घर कोणी पाण्यात घातलं नव्हतं. पण एदेल्मिराला सांगणार कोण?

बैलांच्या सहा जोड्या जुंपल्या. आरोळी उठली. दोर ताणले गेले, बैलांच्या माना खाली गेल्या, खूर चिखलात रुतले.

घर हललं नाही.

पुन्हा आरोळी. बायकाही दोराला लागल्या. ओंडका मोडल्याचा आवाज आला. घर तिथेच.

"दोन खोल्यांचं घर," कोणीतरी म्हणालं. "रिकामं."

तिसऱ्या खेपेला दोर तुटला आणि पुढचा बैल गुडघ्यांवर पडला. पाणी खालच्या खडकांना लागलं होतं. तासाभरात ते उतरायला लागलं असतं.

"कोमाद्रे, आत काय ठेवलंयस? शिसं?" क्लोदोमिरो घाम पुसत खिडकीपाशी गेला. काच नव्हती. त्याने चौकटीवर हात टेकून डोकं आत घातलं.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला.

मग त्याने डोकं बाहेर काढलं, हळू, कोणाला जाग येऊ नये तसं. टोपी काढली. परत घातली.

"काय आहे?" एदेल्मिराने विचारलं.

"काही नाही."

"क्लोदोमिरो."

त्याने आपल्या पोटावर हात ठेवला. "बारीक आहे तो," तो म्हणाला. "माझाच स्वेटर आहे त्याच्या अंगात. हिरवा. मी टाकून दिला होता तो." मग तो म्हणाला, "बरा दिसतो."

आणि तो चालत जाऊन आपल्या होडीत बसला. दोराला त्याने पुन्हा हात लावला नाही.

येनी जेवणाच्या पातेल्यांजवळ उभी होती. एदेल्मिरा तिच्याकडे गेली. "माझं नाव काढ."

"कशातून?"

"तुझ्या कचेरीतून. मी उत्तरं देणार नाही. आजपासून."

"दोन्या, तुम्ही गेलात तर टोक संपलं."

"मी गेले तर ते सगळे कोणाच्या माथी?"

येनीने पाण्याकडे बघितलं. "जवळचं कोणी. तुमच्यासारखंच. नोएमी तुमच्या चुलीवरून उठून गेलेली, तिच्याकडे मी जातेच दरवर्षी. बहुधा तिलाच धरतील."

नोएमी बाह्या वर करून बटाट्यांतलं पाणी काढत होती. तिने अर्धवटच ऐकलं होतं.

"धरू देत की मला," ती म्हणाली. "प्रश्नांना काय, मी देते उत्तरं. आई, तू आधी ते भांडं बाहेर काढ. लोक घाबरलेत त्या विस्तवाला. दे, मी पुढे नेते, माझ्या चुलीत घालते. तुला हवे तेव्हा घेऊन जा."

एदेल्मिरा लेकीकडे बघत राहिली. नको म्हणायला तोंड उघडलं.

पाणी खडकांच्या वर आलं होतं.

ती आत गेली. स्वयंपाकघर रिकामं होतं. भांड्याच्या भोवती वाळूत खळगे पडले होते, बसून उठल्यासारखे. तिने भांडं उचललं. ते दोन्ही हातांनी उचलावं लागलं. बाहेर येऊन तिने ते नोएमीच्या हातात दिलं.

"जड आहे गं," नोएमी म्हणाली.

"लोखंड आहे," एदेल्मिरा म्हणाली.

नोएमीची होडी निघाली. ती दिसेनाशी झाल्यावर बैलांना चौथ्यांदा हाकारलं. आरोळी पुरी व्हायच्या आत घर सुटलं. इतकं अचानक, की मागचे बैल पुढच्यांवर जाऊन आदळले. टोपलीसारखं हलकं, ते उतारावरून घसरत पाण्यात गेलं आणि तरंगलं. लोक हसले, सुटल्यासारखे. कोणीतरी ॲकॉर्डियन काढला.

एदेल्मिरा हसली नाही. ती घर उभं होतं त्या जागेकडे बघत होती. खुंटांचे खड्डे खूप खोल होते.

*

नवी जागा चांगली निघाली. वारा अडतो. दार उघडलं की लेकीचं अंगण दिसतं. घर हलकं झालंय; वादळात कौलं वाजतात, तशी आधी वाजत नव्हती. एदेल्मिरा आपल्या चुलीवर चार बटाटे उकडते आणि चारच खाते. दार अलगद लागतं. ही तिची तक्रार आहे, पण कोणाजवळ केलेली नाही.

निखारे आणायला ती गेली नाही. आज जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिली. मग काडी ओढूनच चूल पेटवली.

मार्चात येनी आली. नोएमीच्या घरी. एदेल्मिरा कुंपणातून पलीकडे गेली, जुन्या ओळखीखातर, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसली. आता तिला कोणी काही विचारणार नव्हतं. स्वयंपाकघरात करपवलेल्या साखरेचा वास होता. नोएमी साखर करपवत नसे.

चुलीवर मोठं पातेलं होतं.

येनीने यंत्र टेबलावर ठेवलं. "या चुलीवर कोण कोण जेवतं?"

नोएमी बटाटे सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही. "मी," ती म्हणाली. "माझा नवरा. मुलगी." सुरी फिरत राहिली, साल लांब उतरत राहिलं. "क्लोदोमिरो आणि त्याची बायको. ओतिलिया." मग बाकीची सगळी घरं, आल्या क्रमाने, एकही न चुकवता. यांतली काही माणसं टोक सोडून गेली तेव्हा ती आठवण राहण्याएवढीही मोठी नव्हती. "आणि आई."

येनीने एदेल्मिराकडे बघितलं. हळूच म्हणाली, "दोन्या आता वेगळ्या राहतात ना? त्यांची चूल वेगळी."

नोएमीने मान वर केली. तिने खिडकीजवळच्या आईकडे एकदा बघितलं, ओळख पटवण्यासाठी बघतात तसं. मग चुलीजवळच्या बाकाकडे, भिंतीकडच्या टोकाकडे.

"ही नाही," ती म्हणाली. "ती."

बाकावर कोणी नव्हतं. बाकाच्या पुढ्यात माते-काढ्याचा पेला होता, अर्धा.

येनीने लिहून घेतलं. लाँचची वेळ झाली होती. ती उठली, कोट घातला, दार ओढलं. ते खाली घासलं आणि अडकलं. तिने न बघता, सवयीने, खांदा लावून उचललं आणि उघडलं.